चष्मा लावून घेतलेली चव

"जीभच गेली म्हणायची आता," शालनमावशी म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. रक्षाविसर्जन आटोपून माणसं घरी आली होती. आपल्या घरची चूल बंद, म्हणून शेजारच्यांनी किटली भरून चहा पाठवला होता. तुझ्याकडं काम करणाऱ्या बायका वखारीच्या पायरीवर बसल्या होत्या. सुरेखाताईनं पदरानं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "कषायात काय कमी हाय ते आक्कास्नी एका घोटात कळायचं. तसली जीभ परत व्हायची न्हाय."

आत्ती, तेव्हा माझ्या मनात जे आलं ते सांगते. मला वाटलं, ती जीभ माझी होती.

तुझी रक्षा सोडून आलेल्या माणसांचे पाय अजून ओले होते. बाबा, तुझा धाकटा भाऊ, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. आणि मला वाटत होतं की कुणीतरी वळावं, माझ्याकडं बघावं आणि विचारावं, नेहा, तुला यातलं काही माहीत आहे का? मी ट्रे तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि आत गेले. लोकांना वाटलं पोरीला रडू आवरत नाही. कुणीतरी पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायची मला इतकी लाज वाटली की पेला तोंडाला लावून तसाच खाली ठेवला.

मी बोलत नाही हे तुला कधी खुपलं नाही. बाकी सगळ्यांना खुपायचं. लग्नाकार्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, "इंग्लिश शाळंत घालून पोरीचं तोंडच शिवून टाकलंय की." खरं म्हणजे शाळेत इंग्रजीतही मी गप्पच असायचे, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. तू म्हणायचीस, "बोलायला मी हाय की घरात. तिला निवांत खाऊ-पिऊ द्या." आणि माझ्या हातात कप द्यायचीस. मी एक घोट घेऊन म्हणायचे, कडू. किंवा म्हणायचे, बरं आहे. तुला तेवढं पुरायचं. मोठ्या माणसांत मला पुरेशी मानणारी तू एकटीच होतीस.

तुझ्या सासरची तंबाखूची वखार बंद पडली तेव्हा काका खचले आणि तू दळपाचं यंत्र आणलंस. धणे, जिरे, बडीशेप, सुंठ, मिरी, वेलदोडा भाजून दळून कषायाची, म्हणजे काढ्याची, पूड. कानडी घरांत ती लागतेच, आणि मराठी घरांतही सर्दी-खोकल्याला लागते. ज्या बायका आधी तंबाखू निवडायला यायच्या त्याच आता धणे निवडायला लागल्या. मी दर शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून बेळगावहून बसनं निपाणीला यायचे. तवंदीचा घाट उतरला की माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं.

ग्रीन टी मी आणला. ऑफिसात सगळे पीत होते, म्हणून तुला दाखवायला एक पुडा घेऊन आले. तू तो आलं घालून खळखळ उकळलास, एक घोट घेतलास आणि माझ्याकडं बघितलंस. "कोण आजारी हाय गं?"

मी सांगितलं, उकळायचं नाही, पाणी खाली उतरवून जरा निवू द्यायचं, मग पानांवर ओतायचं.

"मग चहा कशाला म्हणता त्याला. आंघोळीचं पाणी म्हणा."

पण आठ दिवसांनी तूच त्यात तुळस आणि गवती चहा घालून बघितलास, मग दालचिनी, मग सुंठेची कणभर पूड. पांढरे कप ओळीनं मांडून, वर बशा झाकून, घड्याळाकडं बघत बसायचीस. मी म्हटलं होतं की चव घेणारे लोक घोट तोंडात फिरवून थुंकतात. "एवढी तंबाखू झाली या वखारीत, थुंकायचं बघून बघून डोळं दमलं," तू म्हणालीस. "माझ्याकडं पिऊन सांगायचं."

गुळाचा वाद मात्र मिटला नाही. तुझं म्हणणं, कुठल्याही काढ्यात गुळाचा खडा हवाच, जिभेला काहीतरी धरायला द्यावं लागतं. माझं म्हणणं, गुळानं पानाची चव झाकली जाते. शेवटपर्यंत तू माझ्या कपात चोरून खडा टाकत होतीस आणि मी तो चमच्यानं काढत होते. मी अजूनही घालत नाही. तू गेलीस म्हणून घालायला लागेन असं समजू नकोस.

मग ती साथ आली, तुला ताप आला. तू उठलीस, पूर्वीसारखी हिंडूफिरू लागलीस, बायकांवर ओरडू लागलीस. आम्हाला वाटलं, निभावलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी आले तर नव्या मिश्रणाचे कप मांडलेले होते. तू प्यायलीस आणि म्हणालीस, "फस्क्लास." शालनमावशी प्यायली, सुरेखाताई प्यायली, दोघींनी माना डोलावल्या. मी कप तोंडाजवळ नेला आणि मला तंबाखूचा वास आला.

हलका नव्हे. चांगला दणकून. ग्रीन टीचे डबे मागच्या खोलीत ठेवले गेले होते. त्या खोलीतून तंबाखू जाऊन वर्षं झाली, पण भिंतींतून अजून जात नाही, आणि चहाची पानं शेजारचा कुठलाही वास ओढून घेतात. बायकांचं मला नवल वाटलं नाही. जन्म तंबाखूत गेलेला, त्यांना तो वास हवेसारखा झाला आहे. निपाणीत दुसऱ्या कुणीही तो कप गोड मानून संपवला असता. पण मागच्या खोलीत मसाला ठेवायचा नाही हा नियम तुझाच होता. एकदा सुरेखाताईनं बडीशेपेचं पोतं तिथं ठेवलं, तर ते तू हुंगून ओळखून बाहेर काढायला लावलं होतंस. आणि हे डबे तू स्वतःच्या हातानं आत ठेवले होतेस.

मी कप खाली ठेवला. तू माझं तोंड बघितलंस आणि म्हणालीस, "नेहा, माझा चष्मा ऱ्हायलाय आत. चल, दे शोधून."

आत गेल्यावर तू दार लोटलंस. "काय झालंय गं?"

"तंबाखू."

तू पाटावर बसलीस. खरंच का, असं विचारलं नाहीस. म्हणालीस, "मला कायच येत न्हाय. तापापासनं. मीठ आणि गोड तेवढं कळतंय. बाकी सगळं गरम पाणी."

मी डॉक्टरांचं नाव काढलं. बायकांना सांगूया असंही म्हटलं. डॉक्टरांकडं तू आलीस. त्यांनी रोज सकाळी लवंग आणि लिंबू हुंगायला सांगितलं, धीर धरा म्हणाले. बायकांना सांगायला मात्र तू तयार झाली नाहीस. "जीभ नसल्याल्या बाईचा कषाय कोण पिईल? ह्या बायका कुणाच्या भरवशावर येतात हितं?" मी म्हणायचे, त्यांना कळलं तर त्या तुलाच सांभाळून घेतील. तू म्हणायचीस, "सांभाळून घेत्यात, तेच नको वाटतंय." हा आपला दुसरा न संपलेला वाद.

तेव्हापासून चष्मा सुरू झाला. कप मांडायचे, सगळ्यांनी घोट घ्यायचा, तू डोळे मिटून बसायचीस. मग म्हणायचीस, "नेहा, चष्मा." आपण दोघी आत. मी हळू आवाजात सांगायचे. पहिल्यांदा गोडसर, मग काहीतरी जळकट, शेवटी जीभ कोरडी पडते, शेंगदाण्याचं टरफल चघळल्यासारखी. तू ऐकायचीस, ओठ हलवायचीस, भिंतीकडं बघत राहायचीस. "धणं करपल्यात. शालन फोनवर बोलत भाजत बसली असणार. अर्धं काढून टाकायला सांगते, आणि वेलदोडा सालीसकट घालूया, म्हंजे कोरडं जातंय." चष्मा लावून तू बाहेर जायचीस आणि जाहीर करायचीस. शालनमावशी खरंच फोनवर बोलत होती हे निघायचं. बायका थक्क व्हायच्या.

"आक्का डोळ्यानं चव घेत्यात बघ," सुरेखाताई एकदा म्हणाली.

"मग काय," शालनमावशी म्हणाली, "नंबर वाढला की चव अजून चांगली लागत असंल."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मीही हसले. नंतर आत येऊन तू माझा हात धरलास आणि बराच वेळ सोडला नाहीस.

आत्ती, मला तुझी कीव यायला हवी होती. आलीही. पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं. घाट उतरताना मी बसमध्ये शब्द शोधायला लागले होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला पूर्ण वाक्य जमत नाही. इथं एक बाई दार लोटून माझ्या एकेका शब्दाची वाट बघत होती. मला ते आवडायला लागलं. मी दालचिनीच्या सालीचे वेगवेगळे वास लक्षात ठेवायला लागले, आणि तुला सांगताना माझा आवाज जरा चढायला लागला. बाहेर बायका तुझं कौतुक करायच्या तेव्हा मी खाली मान घालून कप गोळा करायचे आणि मनात म्हणायचे, हे माझं आहे. तुझ्या तोंडातून गेलेलं होतं तेच मला मिळालं होतं, आणि ते परत जाऊ नये असं मला वाटत होतं की काय, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

ते मला गेल्या महिन्यात कळलं. मी कप विसळत होते, तू मागून आलीस आणि म्हणालीस, "नेहा, यायला लागलंय गं थोडंथोडं. आज सकाळी लवंग कळली. आधी नाकात, मग जिभंवर पण."

तुझा आवाज फुटत होता. मी वळायला हवं होतं. मी म्हटलं, "हो? बरं झालं," आणि नळ मोठा केला. एकच कप परत परत विसळत राहिले. माझ्या मनात जे आलं ती भीती होती. आता मला आत कोण बोलावणार, ही भीती. तू थोडा वेळ माझ्यामागं उभी होतीस, मग गेलीस. माझ्या पाठीवरून तुला काय कळलं, मला माहीत नाही. तुला माणसांचं बरंच काही पाठीवरून कळायचं.

पुढच्या शनिवारी मी आले नाही. ऑफिसात काम होतं हे खरं आहे. ते रविवारी करता आलं असतं हेही खरं आहे. आणि तू फोन केला नाहीस, हे मला त्या दिवशी फारसं खटकलं नाही. आता खटकतं. मंगळवारी सकाळी बाबांचा फोन आला तो तू गेल्याचाच.

बारावं झालं, पाहुणे गेले, तेव्हा सुरेखाताई मला बोलवायला आली. वखारीत टेबल पुसून ठेवलं होतं. कोल्हापूरच्या दुकानाला द्यायचं नवं मिश्रण तयार होतं, हिरव्या चहात तुळस, दालचिनी, लवंग. निम्मी पाकिटं भरून झाली होती. बायकांचं आधीच ठरलं होतं. एवढा माल पाठवायचा आणि बंद करायचं.

"आक्का न्हाईत तर पास कोण करणार?" शालनमावशी म्हणाली. "वाईट माल त्यांच्या नावावर जायला नको. मी परत बोरगावला जाते, लेकीकडं."

"माझं काय न्हाय, मी शिवण घीन," सुरेखाताई म्हणाली, पण ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

"हे तरी आक्कांचं हाय," शालनमावशीनं भरलेल्या पाकिटांवर हात ठेवला. "तू आली न्हाईस त्या शनवारी स्वतः बसून पास केल्यात."

"चष्मासुद्धा मागितला न्हाय त्या दिवशी," सुरेखाताई म्हणाली. "डबा घेऊन बसल्या आणि स्वतःच घालत ऱ्हायल्या. लई खूश होत्या. म्हणाल्या, हे नेहाला पाजायचं पहिलं."

त्यांनी तुझ्या नावानं सगळ्यांना एकेक कप केला. बायका प्यायल्या. आक्कांचीच चव, असं कुणीतरी म्हणालं, आणि सुरेखाताईला हुंदका आला. मी कप उचलला.

लवंग होती. आधी लवंग, मधे लवंग, शेवटीही लवंगच. तुळस कुठंच नव्हती, दालचिनी नव्हती, पान तर बुडूनच गेलं होतं. दुसऱ्या घोटाला माझी जीभ बधिर झाली, दात दुखल्यावर लवंगेचं तेल लावतात तशी. आणि आत्ती, मला कळलं. तू ती तुला लागेपर्यंत घातली होतीस. थोडी घातलीस, लागली नाही, अजून घातलीस, आणि मग लागली. कितीतरी दिवसांनी तुझ्या तोंडात एक चव पोचली आणि तू खूश झालीस. त्या वेळी शेजारी बसून, पुरे, एवढं म्हणायला मी नव्हते. पण तू माझी वाटही बघितली नाहीस. ते तू स्वतःसाठी केलंस की मला दाखवायला केलंस, की त्या दिवशी मला ओझ्यातून मोकळं करायला केलंस, हे विचारायला आता कुणी नाही.

पाकिटं भरायला सुरेखाताई बसलीसुद्धा होती. तुझं नाव छापलेली पाकिटं. कोल्हापुरात कुणीतरी ती उघडणार, एक घोट घेणार आणि ओतून देणार होतं. गप्प राहिले असते तर तुझी जीभ बायकांच्या मनात तशीच राहिली असती. आणि त्या उठून घरी गेल्या असत्या.

"लवंग जास्त झालीय," मी म्हटलं.

माझा आवाज इतका बारीक होता की सुरेखाताईनं "काय?" म्हणून विचारलं. मी परत म्हटलं.

शालनमावशीनं कप खाली ठेवला. "आक्का हुत्या तवर तोंड उघडलं न्हाईस. आता त्यांच्या हातच्याला नावं ठेवतीस व्हय?"

"आत्तीला चव लागत नव्हती," मी म्हटलं. "तापापासून. मी आत जाऊन सांगायचे, चष्म्याच्या वेळी."

शालनमावशीनं आपला कप परत उचलला, एक घोट घेतला, तोंडात धरला. तिचा चेहरा मी बघितला नाही, मी टेबलाकडं बघत होते. घोट गिळून ती म्हणाली, "ओठ बधिर होतोय खरा." आणि मग, माझ्याशी नव्हे, "केवढं लपवलंस गं बाई."

ती रडली. तुझ्या चवीसाठी रडली की तिला न सांगितल्यासाठी, मला कळलं नाही. मी बोलले ते माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, हेही मला अजून नीट कळत नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले. तुझं झाकलेलं मी उघडं केलं. तू असतीस तर मला बोलली असतीस, आणि मी उलट बोलले नसते.

सुरेखाताई आधी सावरली. तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी ज्या नजरेची मी इतके दिवस वाट बघत होते त्या नजरेनं. "म्हंजे जीभ हाय की आपल्याकडं," ती म्हणाली. "तापापासनं हीच हुती. मग बंद कशाला करायचं?"

सगळ्या बायका वळल्या. शालनमावशीनं डोळे पुसले, पाकिटं बाजूला सारली आणि मिश्रणाचा मोठा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. "बोल मग. काय घालूया? ह्यातली लवंग निवडून काढायची, का वर बडीशेप घालायची, का नुसता हिरवा चहा अजून मिसळायचा? बोल, तशी घालते."

मी डब्यात बघितलं. मला लवंग दिसत होती, तिची चव तोंडात होती, ती कुठं सुरू होते आणि कुठं संपत नाही हे मी कितीही शब्दांत सांगू शकले असते. पुढचं काही सुचेना. आतल्या खोलीत माझं सांगून झालं की मी थांबायचे, आणि तू भिंतीकडं बघत राहायचीस. त्या वेळात तू काय करत होतीस ते मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, काम माझं सांगून झालं की संपलं.

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय चुकलंय तेवढंच मी सांगायचे, मावशी," मी म्हटलं. "बरोबर कसं करायचं, ते आत्ती करायची. चव लागत नसतानासुद्धा. ते मला येत नाही."